मोजपट्टी म्हणून स्वतःचाच चेहरा

वर्गाचा फोटो हातात आला की आपण सगळे एकच गोष्ट करतो. आधी स्वतःला शोधतो. शेजारी कोण बसलं होतं, बाई कुठे होत्या, कोणाचे डोळे नेमके तेव्हाच मिटले, हे सगळं नंतर. जपानी छायाचित्रकार तोमोको सावादाची 2004 सालची 'स्कूल डेज' ही मालिका पहिल्या नजरेला अशाच वर्गाच्या फोटोंची वाटते. एकसारख्या गणवेशातल्या मुली रांगेत उभ्या आहेत, सोबत त्यांच्या शिक्षिका आहेत. जरा वेळ पाहिल्यावर कळतं, की रांगेतली प्रत्येक मुलगी सावादाच आहे आणि शिक्षिकाही तीच. केसांची ठेवण, मानेचा कल, ओठांची घडी, एवढाच काय तो फरक. या फोटोत स्वतःला शोधायचं तर तिने कुठे शोधायचं?

स्त्रियांनी स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभं करून केलेल्या अशा कामावर जो वाद झडतो, तो ऐकून मला दरवेळी वाईट वाटतं. दोन्ही बाजू फोटोकडे पाहतच नाहीत. एका बाजूला हा सगळा आत्ममोह वाटतो: जगात एवढे विषय पडलेले असताना हिला स्वतःचं तोंडच दिसावं! दुसऱ्या बाजूला, बाईने स्वतःचा फोटो स्वतः काढला यातच तिची मुक्ती झालेली दिसते. एक तिला नावं ठेवते, दुसरी तिची आरती ओवाळते. फोटोचा विषय 'ती' आहे हे मात्र दोघींनी गृहीत धरलेलं असतं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. अशा कामात कलावंताचा चेहरा मोजपट्टीसारखा वापरलेला असतो. तोच चेहरा चारशे ठिकाणी लावून पाहिला, की जे बदलत गेलेलं दिसतं ते तिचं नसतं, साच्याचं असतं. आणि साचा असा उघडा पडला, की त्यात बसणाऱ्या मुलींना मेंढरं म्हणण्याची आपली सोय संपते. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि वादात तिचाच उल्लेख कुणी करत नाही.

आत्ममोहाचा आरोप आधी घेते, कारण तो सर्वांत जुना आहे. 1859 साली पॅरिसच्या कलाप्रदर्शनावर लिहिताना कवी बोदलेअर छायाचित्रणावर तुटून पडला होता. धातूच्या पत्र्यावर उमटलेली आपली क्षुद्र प्रतिमा पाहायला अख्खा समाज स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिससासारखा धावत सुटलाय, अशी त्याची तक्रार होती. हाच बोदलेअर नादार आणि कार्जा या छायाचित्रकारांसमोर बसला, आणि आज त्याचा चेहरा आपल्या ओळखीचा आहे तो त्यांच्या फोटोंमुळे. पण निदान त्याचा राग सगळ्या समाजावर होता. पुढच्या दीडशे वर्षांत तो राग आकसत आकसत बायकांवर येऊन थांबला. रेम्ब्रांटने स्वतःची 40 च्या आसपास तैलचित्रं आणि 30 च्या आसपास एचिंग केली. त्याला आपण आत्मशोध म्हणतो. छायाचित्रणातलं पहिलं रचलेलं आत्मचित्र मानलं जातं तेही पुरुषाचंच. कागदावर थेट छायाचित्र उमटवण्याची पद्धत शोधणाऱ्या इपोलित बायारकडे फ्रेंच सरकारने दुर्लक्ष केलं आणि सगळा मान धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवणाऱ्या दागेरला दिला, तेव्हा 1840 साली बायारने बुडून मेलेल्या माणसाची पोझ घेऊन स्वतःचा फोटो काढला आणि सरकारविषयीची कैफियत त्याच्या पाठीमागे लिहिली. 'सेल्फी' या शब्दाचा आज माहीत असलेला पहिला लिखित वापर 2002 मधला, ऑस्ट्रेलियातला आहे. दारू पिऊन पडल्यामुळे फुटलेला आपला ओठ दाखवणाऱ्या एका पुरुषाने तो केला होता. अकराच वर्षांत ऑक्सफर्डने या शब्दाला वर्षाचा शब्द ठरवलं, आणि तोवर तो उच्चारताच आरशासमोरची तरुण मुलगी डोळ्यांसमोर येऊ लागली होती. ही बदली कोणी केली? मुलींनी तर नक्कीच नाही.

मग बायका पुन्हा पुन्हा स्वतःकडेच का वळल्या? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या मनात शोधण्याआधी व्यवहारात शोधावं. अठराव्या शतकात पॅरिसच्या शाही चित्रकला अकादमीत एका वेळी 4 स्त्रियांनाच सभासद होता येत असे, आणि नग्न मॉडेलवरून रेखाटन शिकवणारे वर्ग स्त्रियांना बंद होते. 1783 साली तिथे सभासद झालेल्या आदेलाईद लाबिय-गियारने दोनच वर्षांनी एक भव्य आत्मचित्र प्रदर्शनात मांडलं. त्यात ती रेशमी पोशाखात ईझलपुढे बसली आहे आणि पाठीशी तिच्या दोन विद्यार्थिनी उभ्या आहेत. हे एका बाईचं चित्र म्हणायचं की एका गटाचं? चारांवर दार लावून घेणाऱ्या संस्थेच्या प्रदर्शनात तिने एकाच चौकटीत तीन चित्रकर्त्या नेऊन उभ्या केल्या. मॉडेल मिळत नसेल तर आरसा मिळतो, ही त्या काळातल्या चित्रकर्त्यांची साधी गरज होती. कॅमेरा आल्यावर त्यात आणखी एक कारण मिळालं, आणि मला ते नैतिक वाटतं. दुसऱ्या बाईला बावळट, थकलेली किंवा दिखाऊ दाखवायचं तर चेहरा तिचा वापरला जातो आणि हसंही तिचंच होतं. स्वतःला उभं केलं की निदान तेवढा अन्याय टळतो.

आता सावादाची पद्धत जवळून पाहू. 1998 साली तिने 'आयडी 400' हे काम सुरू केलं. कोबे शहरातल्या एका फोटो बूथमध्ये बसून तिने ओळखपत्राला लागतात तसले फोटो काढले, चारशे वेगवेगळ्या रूपांत. विग बदलले, चष्मे बदलले, मेकअप बदलला. यंत्र कुणाचीच मर्जी राखत नाही. सगळ्यांना प्रकाश तोच, अंतर तेच. प्रकाश स्थिर, कॅमेरा स्थिर, चेहराही स्थिर. बदलतं ते फक्त, ज्यावरून आपण एखादी बाई कशी असेल ते ठरवून टाकतो. या फोटोंवरून नजर फिरवताना मी हिला बुजरी, तिला उद्धट, पलीकडचीला सालस ठरवत गेले, आणि सगळ्याजणी एकच आहेत हे आधीपासून माहीत असूनही ठरवतच राहिले. माझी नजर किती तयारीची आहे हे मला कुठल्याही भाषणाने इतक्या स्पष्टपणे दाखवलेलं नाही. शिवाय ओळखपत्राच्या फोटोचं कामच मुळी 'ही तीच' असं ठामपणे सांगण्याचं. इथे त्याने चारशे वेळा तितक्याच ठामपणे वेगवेगळं सांगितलं.

तिने पुढे निवडलेले विषय पाहा. 2001 सालच्या 'ओमियाई' मालिकेत ठरवून होणाऱ्या लग्नासाठी स्थळाकडे पाठवतात तसले 30 फोटो आहेत, रीतसर स्टुडिओतले. 'रिक्रूट'मध्ये नोकरीच्या अर्जाला जोडायचे सूटमधले फोटो आहेत. शाळा, नोकरी, लग्न. या प्रत्येक दारावर मुलीच्या आधी तिचा फोटो पोचतो आणि आतली माणसं फोटो पाहून दार किती उघडायचं ते ठरवतात. हे ज्याला दिसतं त्याला सावादाच्या कामात स्वतःचं कौतुक शोधूनही सापडणार नाही. अमेरिकेत सिंडी शर्मनने 1977 ते 1980 या काळात असंच काहीसं सिनेमाच्या प्रतिमांबद्दल केलं. कधीच न निघालेल्या सिनेमांतली वाटावीत अशी जवळपास 70 दृश्यं तिने स्वतःवर रचली: शहरात नवी आलेली मुलगी, स्वयंपाकघरातली गृहिणी, कुणाची तरी वाट पाहणारी बाई. पाहणाऱ्याला वाटतं, हा सिनेमा आपण पाहिलाय. आपल्या फोटोंना आपण आत्मचित्रं मानत नाही, असं शर्मन स्वतः सांगत आली आहे. तिचं हे म्हणणं आपण विनयाखाली का ढकलून देतो? ती कामाची रीत सांगते आहे.

या रीतीचं महत्त्व पुरतं समजायचं तर तिची उलटी बाजू आठवावी लागते. 1870 च्या दशकाच्या शेवटी इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने एकाच काचेवर अनेक माणसांचे चेहरे एकावर एक उमटवायला सुरुवात केली. गुन्हेगाराचा 'नमुना' चेहरा त्याला त्यातून गाळून काढायचा होता. झालं भलतंच. एकत्र केलेला चेहरा मुळातल्या कुठल्याही चेहऱ्यापेक्षा सौम्य आणि देखणा निघाला, आणि क्रौर्य विरून त्याखालचं सर्वसामान्य माणूसपण वर आलं अशी नोंद गाल्टनला स्वतःलाच करावी लागली. तरीही त्याने, आणि त्याच्या काळाने, माणसाचा नमुना काढण्याचा नाद सोडला नाही. त्याच सुमाराला वसाहतींमधल्या स्त्री-पुरुषांना चौकटीचौकटींच्या पडद्यापुढे उभं करून त्यांची मापं घेतली जात होती, जमातीचा 'प्रकार' ठरवण्यासाठी. भारतीय कलावंत पुष्पमाला एन. यांनी 2000 ते 2004 या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत केलेल्या मालिकेत त्या स्वतः अशाच चौकटींच्या पडद्यापुढे निलगिरीतल्या तोडा जमातीच्या स्त्रीच्या रूपात उभ्या राहिल्या. त्याच मालिकेत त्या रविवर्म्याची लक्ष्मीही झाल्या. मोजमापाची वस्तू आणि पूजेची मूर्ती, दोन्ही ठिकाणी एकच देह पाहिला, की या दोन टोकांमध्ये किती कमी अंतर आहे ते कळतं. गाल्टन अनेकांना पुसून एक करत होता. या कलावंत एकीच्या अनेक करतात. पहिल्या कृतीत माणूस हरवतो, दुसरीत हरवण्याची यंत्रणा सापडते.

या कामांवरचे सगळेच आक्षेप पोकळ आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाजाराचा आक्षेप खरा आहे. 2011 साली शर्मनचा एक फोटो सुमारे 39 लाख डॉलरला विकला गेला, आणि लिलावातला तोवरचा तो सर्वांत महागडा फोटो ठरला. साच्यावर बोट ठेवणारी वस्तूच श्रीमंतांच्या भिंतीवरचा साचा होऊन बसते, हे नाकारून चालणार नाही. त्याहून टोचणारा आक्षेप दुसरा आहे: कोणाचाही वेष घेण्याची मुभा कोणाला असते? शर्मनने 1976 साली बसमधले प्रवासी साकारले तेव्हा काहींसाठी तिने चेहरा काळा रंगवला होता. त्यावर पुढे झालेली टीका रास्तच होती. कोरियात जन्मलेली निकी ली 1997 ते 2001 या काळात अमेरिकेतल्या एकेका गटात जाऊन राहिली. पंक तरुण, म्हातारी माणसं, हिप-हॉपच्या मैफली, जिथे जाईल तिथलीच एक होऊन तिने साध्या कॅमेऱ्याने दुसऱ्यांकडून स्वतःचे फोटो काढून घेतले. फोटो मोहात पाडतात. पण ती त्या गटातून पुढच्या आठवड्यात बाहेर पडू शकत होती. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्या त्वचेचा रंग तिच्यासाठी पोशाख झाला, आणि तिथे मी तिच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

हा आक्षेप मान्य केल्याने माझं म्हणणं मोडत नाही, उलट त्याला धार येते. मोजपट्टी कुठे लावली यावर माप खरं की खोटं ते ठरतं. समाज आपल्याला ज्या रांगेत खरोखर उभं करतो, त्या रांगेत स्वतःला लावून पाहिलं तरच काही मोजलं जातं. दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनी 2012 पासून चालवलेल्या आत्मचित्रांच्या मालिकेत स्वतःची त्वचा छपाईत आहे त्याहून गडद केली आहे. ज्या रंगाला पिढ्यान् पिढ्या हिणवलं गेलं, तो आपल्या हाताने वाढवलेला. काही फोटोंत डोक्यावर, कानांत दागिन्यांसारखे लावलेले दिसतात ते कपडे वाळत घालायचे चिमटे आणि भांडी घासायच्या घासण्या. मुहोलींच्या आईने 42 वर्षं एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी घरकाम केलं. रंगभूषा इथेही आहे, वेषांतरही आहे, पण हे माप आतून घेतलेलं आहे. शर्मनच्या बसमधल्या फोटोंत आणि या फोटोंत काय फरक आहे हे ज्याला विचारावंसं वाटतं, त्याने त्या चिमट्यांकडे पाहावं.

सर्वांत जड आक्षेप मात्र या दोन्हींहून वेगळा आहे. गटात मिसळून जाणं ही नेहमी शिक्षाच असते का? गणवेश गरिबी झाकतो. रांगेत उभं राहिलेल्या मुलीवर रस्त्यातली नजर एकटीवर पडत नाही. सगळ्यांसारखं असण्यात विसावा असतो, आणि ज्यांच्या वाट्याला वेगळेपण जबरदस्तीने आलं त्यांना तो हवाहवासा वाटतो. हे मला मनापासून पटतं. म्हणूनच एकसारख्या मुलींचे फोटो पाहून 'बघा, या कशा कळपासारख्या' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. मान तुकवणं हा बायकांचा स्वभाव असल्यासारखं बोललं जातं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचे 1950 च्या दशकातले प्रयोग आठवावेत. कुठली रेघ दुसऱ्या रेघेएवढी आहे एवढंच सांगायचं होतं, उत्तर ढळढळीत समोर होतं. पण आजूबाजूला बसवलेल्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की परीक्षा द्यायला आलेला माणूसही साधारण एक तृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर देई. हे सगळे महाविद्यालयात शिकणारे तरुण पुरुष होते. चौघांतले तिघे निदान एकदा तरी गटामागे गेले. त्यांना कुणी मेंढरं म्हटलं नाही. त्यावरून माणसाच्या मनाचे सिद्धांत मांडले गेले. पुरुष वाकला की तो मानवी स्वभाव, बाई वाकली की तो बाईचा स्वभाव. हा हिशेब 'स्कूल डेज'समोर कोलमडतो. तिथल्या रांगेतल्या कुठल्याही मुलीला हसायचं तर पुढच्या रांगेतल्या तिलाच हसावं लागतं, आणि ती रांग लावणाऱ्याकडे बोट दाखवल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मुक्तीचा जयघोष करणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे. कॅमेरा बाईच्या हातात आला म्हणजे चौकटही तिची झाली का? फोनमधला फिल्टर नाक बारीक करतो, ओठ भरीव करतो, त्वचेवरचे खड्डे बुजवतो, आणि कोट्यवधी चेहऱ्यांवर हे सगळं एकाच दिशेने करतो. गाल्टनला काचा एकावर एक ठेवून जे करावं लागलं ते आता बोट सरकवताच होतं. तोही गुळगुळीत चेहरा सौम्य आणि देखणाच असतो, आणि तो कुणाचाच नसतो. फोटो काढणारी स्वतंत्र आहे की नाही हे बटण कोणी दाबलं यावरून ठरत नसतं. एकोणिसाव्या शतकात कास्तिल्योनेच्या काउंटेसने पिएर-लुई पिएरसाँ या छायाचित्रकाराकडून स्वतःचे 400 हून अधिक फोटो काढून घेतले. बटण त्याचं होतं, पण पोशाख, पोझ, कोन सगळं ती ठरवत होती. आज बटण मुलीचं आहे आणि बाकीचं ठरवणारं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं. म्हणून मुलींनी स्वतःचे फोटो काढूच नयेत, असं मी म्हणणार नाही. तो सल्ला म्हणजे पुन्हा त्यांनाच दटावणं. सावादाने बूथशी जे केलं ते फिल्टरशी करून पाहता येईल: एकच चेहरा शंभर फिल्टरमधून काढायचा आणि शंभर फोटो शेजारी शेजारी लावायचे. फिल्टरला काय हवं आहे ते त्या भिंतीवर वाचता येईल.

अ‍ॅशच्या प्रयोगातला एक तपशील या वादात कुणी आणत नाही. खोलीत एकाने जरी गटाविरुद्ध खरं उत्तर दिलं, तरी उरलेल्या माणसाचं वाकणं एकदम कमी होई. बहुमत लागत नसे, एक सोबती पुरे. मला यावरून फ्रेंच कलावंत क्लोद काहुन आठवतात. 1920 च्या दशकात काहुन यांनी डोक्याचे केस भादरून, कधी मल्ल होऊन, कधी बाहुली होऊन स्वतःचे फोटो केले, बरेचसे जोडीदार मार्सेल मूर यांच्या मदतीने. काहुन यांना बाई या खणात तर बसवता येत नाहीच, पुरुष या खणातही नाही. मराठीतलं आदरार्थी अनेकवचन इथे फार उपयोगी पडतं. आत्ममग्न म्हणायचंच असेल तर याहून सोपं लक्ष्य मिळणार नाही. 1937 साली दोघं जर्सी बेटावर राहायला गेली आणि 1940 मध्ये जर्मन सैन्याने ते बेट व्यापलं. आता समोर होता तो जगातला सर्वांत घट्ट बांधलेला गट, एका गणवेशातला. वीस वर्षं मुखवट्यांवर काम केलेल्या या दोघांनी एक नवा मुखवटा तयार केला: 'नाव नसलेला सैनिक'. त्याच्या सहीने त्यांनी जर्मन भाषेत चिठ्ठ्या टंकलिखित केल्या आणि सैनिकांना सापडतील अशा जागी ठेवल्या, त्यांच्या खिशांत, सिगारेटच्या पाकिटांत सरकवल्या. वाचणाऱ्या सैनिकाला वाटावं, की आपल्याच रांगेत उभा असलेला कुणीतरी हे युद्ध हरलेलं आहे असं म्हणतोय. ज्या खोलीत एकही सोबती नव्हता, तिथे त्यांनी तो रचून बसवला.

जुलै 1944 मध्ये दोघांना अटक झाली, नोव्हेंबरमध्ये मृत्युदंड सुनावला गेला, पण तो अमलात आला नाही. मे 1945 मध्ये सुटका झाल्यावर काढलेला काहुन यांचा एक फोटो आहे. डोक्याला रुमाल बांधलेली एक प्रौढ व्यक्ती, चारचौघींसारखी, सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे. दातांत घट्ट धरलेला आहे नाझी गरुडाचा बिल्ला.